मुठीतलं गुपित

परवा शनिवारी हौसेनं आणलेल्या स्वस्तातल्या मध्ययुगीन युरोपियन तलवारीची मूठ उघडली. नवं लाकूड, त्यावर सुतळी, वर कातडं असा बेत. म्हटलं, ही फसवणूक तर नाही ना?

छे! पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली 'जोयूस' बघा. फ्रान्सच्या राजांच्या राज्याभिषेकाची तलवार. मुठीच्या टोकाचा गोळा १०व्या-११व्या शतकातला, आडवा दांडा १२व्या. १८०४ साली नेपोलियनसाठी मुठीवरची राजघराण्याची लिलीची फुलंही काढून टाकली. म्हणजे डागडुजी हाच तिचा इतिहास.

फरक आत आहे. तेव्हा पात्याचंच निमुळतं शेपूट मुठीतून आरपार जाई आणि टोकाला ठोकून पक्कं केलेलं असे. माझ्या तलवारीत निघाली वेल्डिंग केलेली पेन्सिलीएवढी सळई! जोरात फिरवली तर पातं उडून कुणाला तरी लागायचं.

असो. मूठ झकास झालीय, पण तलवार भिंतीवरच राहणार.