दोन ग्राफिक्स चिप, एक पडदा

रेकॉर्डिंग तपासायला घ्यावं तर आवाज स्वच्छ, माउसचा बाण फिरताना दिसतोय आणि बाकी सगळा पडदा काळा. या विषयाकडे बहुतेक जण याच काळ्या चौकटीतून येतात. तुम्हीही तसेच आला असाल तर मनापासून स्वागत. लॅपटॉप बिघडलेला नाही. चित्र एका चिपकडे आहे आणि रेकॉर्डर ते दुसरीकडे मागतो आहे. ‘चित्र आत्ता कुठे आहे?’ हा प्रश्न विचारायची सवय लागली, की या विषयातलं निम्मं कोडं सुटतं.

एनव्हिडियाने 2010 मध्ये ‘ऑप्टिमस’ आणलं ते बॅटरी वाचवण्यासाठी. साधी कामं प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सने करायची, गेम किंवा थ्रीडीचं काम आलं की वेगळी चिप जागी करायची. पडदा मात्र पहिलीलाच जोडलेला. त्यामुळे वेगळ्या चिपने काढलेली प्रत्येक फ्रेम कॉपी होऊन पहिलीकडे जाते, तेव्हा कुठे दिसते. 1920 बाय 1080 ची एक फ्रेम, दर पिक्सेलला चार बाइट धरले तर, सुमारे 83 लाख बाइटची. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे जवळपास 50 कोटी बाइट. रेकॉर्डरला यातलीच फ्रेम वाटेत गाठायची असते.

खरी गंमत पुढे आहे. विंडोज 8 पासून आलेल्या डेस्कटॉप डुप्लिकेशनने पडदा टिपायचा, तर रेकॉर्डर पडदा सांभाळणाऱ्या चिपवर चालायला हवा. वेगळ्या चिपवर असेल तर विंडोज सरळ नकार देते. ओबीएस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या ‘गेम कॅप्चर’ला मात्र गेम जिथे चालतो तीच चिप लागते. एकच सॉफ्टवेअर, एकच लॅपटॉप आणि दोन उलट अटी! माझ्या मते हा विरोधाभास समजून घेणं, सेटिंग पाठ करण्यापेक्षा कितीतरी मोलाचं आहे. कारण सेटिंग बदलत राहतात. 2018 च्या विंडोज 10 मध्ये प्रत्येक ॲपसाठी चिप निवडायची सोय आली, पुढे ‘विंडोज ग्राफिक्स कॅप्चर’मुळे पडदा टिपण्याची अट बरीच सैल झाली. मक्स स्विच असलेल्या लॅपटॉपमध्ये पडदाच थेट वेगळ्या चिपला जोडता येतो, मग सगळा हिशेब उलटतो. अनेक लॅपटॉपांत एचडीएमआयचं पोर्टही वेगळ्या चिपलाच जोडलेलं असतं. तिथे लॅपटॉपचा पडदा नीट टिपला जातो आणि शेजारचा मॉनिटर काळा येतो.

व्हिडिओ एन्कोड कुठे करायचा, हा त्याच प्रश्नाचा पुढचा भाग. इंटेलचं क्विक सिंक आणि एनव्हिडियाचं एनव्हेंक, हे दोन्ही एन्कोडर हाताशी असतात. पण फ्रेम एकीकडे आणि एन्कोडर दुसरीकडे असेल तर आणखी एक कॉपी पदरी पडते.

पुढची प्रकरणं वाचण्याआधी टास्क मॅनेजर उघडा, ‘जीपीयू इंजिन’ हा रकाना चालू करा आणि गेम व रेकॉर्डर यांच्यासमोर ‘जीपीयू 0’ दिसतं की ‘जीपीयू 1’, ते लिहून ठेवा.