खालिद जमील
खालिद जमील (जन्म: २१ एप्रिल १९७७, कुवेत) हे भारताचे माजी फुटबॉलपटू आणि फुटबॉल प्रशिक्षक आहेत. खेळाडू म्हणून त्यांची जवळजवळ सर्व कारकीर्द मुंबईच्या संघांत गेली. प्रशिक्षक म्हणून त्यांची सुरुवात मुंबई एफ.सी.च्या १९ वर्षांखालील संघापासून झाली. २०१६–१७ च्या हंगामात त्यांच्या मार्गदर्शनाखाली ऐझॉल एफ.सी. या मिझोरमच्या संघाने आय-लीग जिंकली. ऑगस्ट २०२५ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांची भारताच्या पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नेमणूक केली. साव्हियो मदेरा यांच्यानंतर, म्हणजे सुमारे १३ वर्षांनी, हे पद पूर्णवेळ स्वरूपात एका भारतीयाकडे आले.

पूर्वायुष्य

जमील यांचा जन्म कुवेतमध्ये स्थायिक झालेल्या एका पंजाबी भारतीय कुटुंबात झाला. फ्रान्सचे मिशेल प्लातिनी हे त्यांचे बालपणापासूनचे आदर्श होते आणि कुवेतमधील एका शिबिरात त्यांची प्लातिनींशी भेटही झाली होती. आखाती युद्धाच्या काळात हे कुटुंब भारतात आले आणि जमील मुंबईकर झाले.

खेळाडू म्हणून कारकीर्द

जमील मधल्या फळीत खेळत. १९९७ मध्ये ते महिंद्रा युनायटेडमध्ये दाखल झाले. त्यानंतर काही वर्षे एअर इंडियाकडून खेळून ते पुन्हा महिंद्रात परतले. त्या काळी मुंबईचे फुटबॉल मुख्यतः कंपन्या, गिरण्या, बँका आणि रेल्वे यांच्या संघांवर उभे होते. मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा यांची नावे कूपरेजच्या जुन्या प्रेक्षकांच्या आजही ओठांवर असतात. खेळाडूला नोकरीची शाश्वती देणारी ही व्यवस्था जमील यांच्या डोळ्यांदेखत विरत गेली. महिंद्राने २०१० मध्ये आपला संघ बंद केला.

कोलकात्याच्या ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही क्लबांनी त्यांना बोलावले होते. मात्र या क्लबांच्या गणवेशावर मद्य कंपन्यांची नावे असल्यामुळे त्यांनी दोन्हींना नकार दिला. भारतीय फुटबॉलपटूची खरी कसोटी कोलकात्यात लागते, असे मानले जाण्याच्या काळातला हा नकार आहे. १९९८ मध्ये ते भारताकडून खेळू लागले, परंतु दुखापतींनी त्यांची पाठ कधीच सोडली नाही. २००७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफ.सी.त ते आरंभापासून होते. या संघाने २००८ मध्ये आय-लीगची द्वितीय श्रेणी जिंकून वरच्या श्रेणीत प्रवेश केला. २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, जमील यांनी खेळणे थांबवले.

मुंबई एफ.सी.चे प्रशिक्षक

निवृत्तीनंतर क्लबने त्यांच्याकडे १९ वर्षांखालील संघ सोपवला आणि लवकरच इंग्लंडचे डेव्हिड बूथ यांच्या जागी मुख्य संघही त्यांच्या हाती दिला. पुढील सात हंगाम ते या पदावर होते. क्लबकडे मोठे परदेशी खेळाडू आणण्याइतका पैसा नव्हता. कूपरेजच्या नूतनीकरणाच्या काळात तर घरचे सामनेही पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले. या सात हंगामांत संघ एकदाही खालच्या श्रेणीत घसरला नाही. बचावात्मक आणि कंटाळवाणा खेळ अशी टीका त्यांच्यावर झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. तथापि, जे खेळाडू हाताशी होते त्यांच्याकडून एकेक गुण मिळवणे हेच त्यांचे काम होते. राहुल भेके, जयेश राणे यांसारखे मुंबईचे खेळाडू याच काळात या संघाकडून खेळले.

२०१६ मध्ये क्लबने त्यांना दूर केले. पुढच्याच हंगामात मुंबई एफ.सी. तळाला जाऊन खालच्या श्रेणीत गेला आणि त्यानंतर क्लबच बंद पडला.

ऐझॉलचे विजेतेपद

ऐझॉल एफ.सी. २०१५–१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर फेकला गेला होता. गोव्याच्या क्लबांनी स्पर्धेतून अंग काढून घेतल्यामुळे त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. अशा संघाची सूत्रे जमील यांनी स्वीकारली. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबई एफ.सी.तील खेळाडू त्यांच्याबरोबर ऐझॉलला आले. त्यांच्या जोडीला मिझोरमचे स्थानिक तरुण आणि मोजके परदेशी खेळाडू होते.

२२ एप्रिल २०१७ रोजी ऐझॉलमध्ये झोमिंगलियाना राल्टे यांच्या गोलमुळे मोहन बागानचा १–० असा पराभव झाला. ३० एप्रिलला शिलाँग येथे लाजाँगविरुद्धच्या अखेरच्या सामन्यात विजेतेपदासाठी बरोबरी पुरेशी होती. लाजाँगने नवव्याच मिनिटाला गोल केला. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेला यांनी बरोबरी साधली. ऐझॉलचे ३७ आणि मोहन बागानचे ३६ गुण झाले. ईशान्य भारतातील क्लबने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती.

पुढील वाटचाल

यानंतर जमील ईस्ट बंगाल (२०१७–१८) आणि मोहन बागान (२०१९) यांचे प्रशिक्षक झाले. खेळाडू म्हणून नाकारलेले दोन्ही क्लब अशा रीतीने त्यांच्या वाट्याला आले, पण लीगचे विजेतेपद कोठेही लाभले नाही.

इंडियन सुपर लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक परदेशीच असायचा, भारतीयाने त्याचा साहाय्यक व्हायचे, असा पायंडा पडला होता. जमीलही नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये साहाय्यकच होते. जानेवारी २०२१ मध्ये स्पॅनिश प्रशिक्षक जेरार्ड नुस गेल्यावर त्यांनी तात्पुरती सूत्रे घेतली. उरलेल्या साखळी सामन्यांत एकही पराभव न पत्करता त्यांनी संघाला उपांत्य फेरीत नेले. त्याच वर्षी ते या लीगमधील पहिले कायमस्वरूपी भारतीय मुख्य प्रशिक्षक ठरले. पुढचा हंगाम मात्र निराशाजनक गेला. डिसेंबर २०२३ मध्ये ते जमशेदपूर एफ.सी.त आले. २०२४–२५ मध्ये या संघाने लीगची उपांत्य फेरी आणि सुपर कपचा अंतिम सामना गाठला. अंतिम सामन्यात एफ.सी. गोवाने त्यांना ३–० असे हरवले.

राष्ट्रीय संघ

मानोलो मार्केझ यांच्यानंतर जमील यांच्याकडे आलेला राष्ट्रीय संघ आत्मविश्वास हरवलेला होता. पहिल्याच सामन्यात, २९ ऑगस्ट २०२५ रोजी, हिसोर येथे भारताने यजमान ताजिकिस्तानला २–१ असे हरवले. हा सामना काफा नेशन्स कप स्पर्धेतील होता. इराणकडून पराभव आणि अफगाणिस्तानशी बरोबरी झाल्यानंतर ८ सप्टेंबरला तिसऱ्या स्थानासाठी ओमानशी गाठ पडली.

ओमानचे प्रशिक्षक कार्लोस केरोझ हे पोर्तुगीज. मोझांबिकमध्ये गोलरक्षक म्हणून खेळलेले केरोझ पुढे पोर्तुगालच्या कुमार संघांचे प्रशिक्षक झाले. १९८९ आणि १९९१ अशी दोन वेळा त्यांनी पोर्तुगालला युवा विश्वविजेतेपद मिळवून दिले. लुईस फिगो आणि रुई कोस्टा हे १९९१ च्या संघातले. कुमार संघ हाताळणाऱ्या प्रशिक्षकावर देशाने विश्वास टाकला आणि तेथून पोर्तुगीज फुटबॉलची एक पिढी उभी राहिली. भारतात त्या पायरीवरून वर येणाऱ्या प्रशिक्षकासाठी वरची दारे बहुधा बंदच असत.

ओमान त्यावेळी जागतिक क्रमवारीत ७९वा, तर भारत १३३वा होता. उदांता सिंग यांच्या गोलमुळे सामना १–१ असा सुटला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये भारताने ३–२ अशी बाजी मारली. भारताचे तीन गोल लालियानझुआला छांगटे, राहुल भेके आणि जितिन एम. एस. यांनी केले. ओमानची अखेरची पेनल्टी गुरप्रीतसिंग संधू यांनी अडवली.

हा आनंद अल्पकाळ टिकला. ऑक्टोबरमध्ये आशिया चषक पात्रता फेरीत सिंगापूरशी बाहेरच्या मैदानावर १–१ अशी बरोबरी झाली, पण १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर १–२ असा पराभव पदरी आला. त्याबरोबर २०२७ च्या आशिया चषकाची आशा संपली. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशानेही भारताला १–० असे नमवले.

पुरस्कार

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक हा पुरस्कार जमील यांना २०२३–२४ आणि २०२४–२५ अशी सलग दोन वर्षे मिळाला.