भिंतीचे अंतरंग

भिंतीला दोन बाजू असतात, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु तिला एक तिसरे अंगही असते, आणि ते बहुधा कोणाच्या नजरेस पडत नाही. ते म्हणजे तिचे पोट. बाहेरची बाजू जाणारायेणारा पाहतो, आतली बाजू घरधनी पाहतो. पोटात काय भरले आहे हे मात्र भरणाराच जाणतो. म्हणूनच बांधकामाच्या इतिहासातील एक मोठा प्रश्न असा राहिला आहे, की जे काम दिसत नाही त्याची ग्वाही कोणी आणि कशी द्यावी?

हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात विट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने वास्तुविद्येवर दहा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या दुसऱ्या भागात तो आपल्या काळच्या गवंड्यांविषयी तक्रार करतो. ग्रीक कारागीर भिंतीच्या जाडीइतके लांब दगड आरपार बसवून दोन्ही बाजू एकमेकींस बांधीत. उलट रोमन गवंडी घाईपायी केवळ बाहेरचे दर्शनी थर नीट रचतात आणि मधल्या पोकळीत दगडांचे तुकडे व चुना कसाही लोटतात, असे त्याचे म्हणणे आहे. पुढे साम्राज्यकाळात विटांचे दोन पडदे उभारून त्यांच्यामध्ये चुन्याचे काँक्रीट भरण्याची पद्धत रूढ झाली. विटा बहुधा त्रिकोणी असत. त्यांचे टोक आतल्या काँक्रीटमध्ये रुतत असे. साचा काढून घ्यावयाचा नसे. साचा हाच भिंतीचा भाग होई.

विट्रुव्हियसने दाखविलेला दोष रोमबरोबर संपला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मराठवाड्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. तेथील कित्येक घरांच्या भिंती दगडमातीच्या, दोन-अडीच फूट व त्याहूनही जाड होत्या. बाहेरचा व आतला असे दगडांचे दोन स्वतंत्र थर, मध्ये मातीचा व दगडांच्या कपच्यांचा भराव, आणि दोहोंना जोडणारा आरपार दगड बहुधा नाही, अशी त्यांची रचना होती. धक्का बसताच थर विलग झाले आणि मातीची जड धाबी खाली आली. भिंतीची जाडी हेच तिचे बळ, हा समज त्या पहाटे खोटा ठरला. भारतीय मानक संस्थेच्या १९९३ च्याच एका मार्गदर्शिकेत अशा बांधकामासाठी नियम आहे: भिंतीच्या जाडीइतके लांब दगड उंचीच्या दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत १.२ मीटरहून अधिक अंतर न ठेवता बसवावेत. ग्रीक गवंड्यांची रीत येथे आकड्यांत बांधली गेली.

एकोणिसाव्या शतकात सिमेंटचे काँक्रीट आले आणि काही काळ हा प्रश्न सुटल्यासारखा वाटला. लाकडी फळ्यांचा साचा उभारावा, त्यात काँक्रीट ओतावे, ते धरले की फळ्या काढाव्यात. फळी निघाली की काम उघडे पडते. ठोकणी कमी पडली असेल तर मधाच्या पोळ्यासारखी भोके दिसतात, साचा फुगला असेल तर पोट सुटलेले दिसते, सळई उघडी राहिली असेल तर तीही लपत नाही. या उघडेपणावरच कारागिरीचे आधुनिक नियम उभे राहिले. भारताचे काँक्रीटविषयक मानक प्रथम १९५३ मध्ये निघाले. त्याच्या २००० च्या आवृत्तीत खांब व तुळया यांच्या छेदाच्या मापात १२ मिलिमीटर अधिक किंवा ६ मिलिमीटर उणे एवढाच फरक चालतो. सळईवरील काँक्रीटचे आवरण १० मिलिमीटरपर्यंत वाढलेले चालते; कमी झालेले मुळीच चालत नाही.

ही सह्यमर्यादा म्हणजे आळसाला दिलेली सवलत नव्हे. मानवी हातून तंतोतंत माप साधत नाही हे प्रथम मान्य करावयाचे, आणि मग कोणत्या दिशेची चूक निरुपद्रवी व कोणत्या दिशेची घातक हे ठरवावयाचे, असा तिचा विचार आहे. खांब थोडा जाड झाला तर सिमेंट वाया जाते. बारीक झाला तर त्याची ताकद घटते. म्हणून अधिकाला १२ आणि उण्याला ६.

मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साचा पुन्हा भिंतीतच राहू लागला. स्वित्झर्लंडमध्ये लाकडाचा चुरा व सिमेंट यांचे पोकळ ठोकळे आधीच निघाले होते. १९६६ मध्ये कॅनडातील वेर्नर ग्रेगोरी याने थर्मोकोलच्या ठोकळ्यासाठी एकस्वाचा अर्ज केला. ठोकळा ४८ इंच लांब व १६ इंच उंच. एकमेकांत अडकणाऱ्या कडा. दोन पाट्यांना जोडणारे धातूचे आडवे बंध. ठोकळे एकावर एक रचावयाचे, मध्ये सळया ठेवावयाच्या आणि पोकळीत काँक्रीट ओतावयाचे. थर्मोकोल तेथेच राहतो व घराची ऊब बाहेर जाऊ देत नाही. कॅनडासारख्या कडक थंडीच्या देशात ही मोठीच सोय होती. ग्रीकांचा आरपार दगड येथे ठोकळ्यातील बंध होऊन परत आला.

या रचनेने मापांची जबाबदारी नव्या रीतीने वाटली. दोन पाट्यांमधील अंतर कारखान्यातच ठरते. त्यामुळे भिंतीची जाडी गवंड्याच्या हाती फारशी राहत नाही. त्याच्या हाती राहतो तो ओळंबा, दोरी आणि भराव. अमेरिकेतील काँक्रीटकामाच्या नियमांत भिंतीच्या उभेपणासाठी १० फुटांत पाव इंच, म्हणजे आपल्या गवंड्यांच्या भाषेत दोन सूत, ही मर्यादा दीर्घकाळ प्रचलित आहे. ती पाळणे थर्मोकोलच्या साच्यात सोपे नाही. घनमीटरला साधारण २४ किलो वजनाच्या वस्तूने घनमीटरला २,४०० किलो वजनाचा ओला रगडा आवरावयाचा असतो. तीन मीटरची भिंत एका दमात ओतली, तर तळाशी चौरस मीटरवर सात टनांच्या आसपास दाब येऊ शकतो. म्हणून काँक्रीट तीन-चार फुटांच्या थरांनी ओततात, एका बाजूने टेकू लावतात आणि माथ्यावर दोरी ताणतात. कसलेला कारागीर भिंत आरंभी टेकूच्या बाजूस किंचित कललेली ठेवतो. कारण ओली भिंत बाहेर ढकलता येते, आत ओढणे कठीण जाते. दोरी ओतण्यापूर्वी पाहून भागत नाही. ती ओतताना आणि ओतल्यानंतर लगेच पुन्हा पाहावी लागते. एकदा काँक्रीट धरले, की दोन सुतांची चूक कायमची झाली.

तरीही उभेपणा निदान मोजता येतो. भराव दिसतच नाही. येथे साच्याने झाकलेला दोष भूकंपापर्यंत किंवा वादळापर्यंत झाकलेलाच राहू शकतो. म्हणून नियमांनाच वळण घ्यावे लागले. काँक्रीट किती सैल आहे हे ३० सेंटिमीटर उंचीच्या शंकूने मोजतात. शंकू भरून उचलला, की ढीग जितका खचतो त्याला स्लंप म्हणतात. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत फळ्या काढावयाच्या साच्यासाठी स्लंप ६ इंचांच्या वर जाऊ देत नाहीत. भिंतीतच राहणाऱ्या साच्यासाठी मात्र तो ६ इंचांच्या वर हवा, असे सांगितले आहे. शिवाय अशा साच्यात काँक्रीट आतून व्हायब्रेटरने बसविणे आवश्यक धरले आहे. ते टाळावयाचे तर आधी नमुना ओतून पोकळ्या राहत नाहीत हे दाखवावे लागते. परंतु सैलपणा पाणी घालून आणावयाचा नसतो. सिमेंटच्या मानाने पाणी वाढले की ताकद घटते, हे डफ अब्राम्स याने १९१८ मध्येच दाखवून दिले होते. सैलपणा बारीक खडीने आणि योग्य मिश्रकांनी आणावा लागतो. सायंकाळी थकलेल्या मजुराने काम हलके व्हावे म्हणून ओतलेली एक बादली सारे गणित बिघडवू शकते.

हा विषय आता केवळ परदेशाचा राहिलेला नाही. १ जानेवारी २०२१ रोजी देशातील सहा शहरांत नव्या तंत्रांच्या गृहप्रकल्पांची पायाभरणी झाली. त्यांपैकी लखनौच्या १,०४० घरांसाठी पीव्हीसीचा, भिंतीतच राहणारा साचा निवडण्यात आला. त्याचा पदार्थ थर्मोकोलहून निराळा. परंतु तपासणीचा प्रश्न तोच. फळी काढल्यावर पाहू, ही जुन्या पर्यवेक्षकाची सवय येथे निरुपयोगी आहे. सळई जागेवर आहे का, टेकू पक्के आहेत का, शंकू किती खचला, व्हायब्रेटर प्रत्येक कोपऱ्यात व खिडकीखाली पोहोचला का, हे त्या त्या घटकेला पाहून त्याच घटकेला नोंदवावे लागते. काम संपल्यानंतर केलेली सही ही भिंतीच्या कातडीवरची सही होय.

अशा घरात राहावयास येणारे कुटुंब भिंत ठोकून पाहील, तर त्याला थर्मोकोलचा किंवा गिलाव्याचा आवाज ऐकू येईल. आतल्या काँक्रीटविषयी त्यातून काहीच कळणार नाही. किल्लारीच्या गावकऱ्यांनाही आपल्या भिंतीच्या पोटात काय आहे हे कोणी सांगितले नव्हते. ओतण्याच्या दिवशी दोरी, शंकू आणि नोंदवही घेऊन जो माणूस भिंतीपाशी उभा असतो, तो त्या कुटुंबाच्या वतीने उभा असतो.