बार्शीची नोंदवही, व्हिनेगरचा बोळा आणि राहून गेलेली तपासणी

इतिहास म्हटलं की आपल्या सातारा-सांगलीकडे गड, प्रतिसरकार आणि साखर कारखाने हे विषय आपोआप येतात. आजचा इतिहास जरा वेगळा आहे. तो आहे एका तपासणीचा. एक मिनिट लागतं, खर्च चहाच्या कपाएवढा, आणि ती कामाची आहे हे जगाला पटवून देण्यात आपल्याच महाराष्ट्रातल्या बायकांचा मोठा वाटा आहे. तरी तुमच्या आईला विचारा, "ही तपासणी केलीस का गं कधी?" बहुतेक घरांत उत्तर एकच येईल: "कसली तपासणी?"

आपण बोलतोय गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल. गर्भाशयमुख म्हणजे पिशवीचं तोंड. हा आजार एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हाराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाने हा संबंध दाखवला आणि २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. लागण झाली की लगेच कर्करोग होतो असं मुळीच नाही. बहुतेक बायकांचं शरीर विषाणू स्वतःच घालवून टाकतं. काहींमध्ये तो टिकतो, आणि त्यातून कर्करोग व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे पकडायला वेळ भरपूर असतो. बघणारं कुणीतरी पाहिजे, एवढंच.

बघायची पहिली पद्धत जॉर्ज पापानिकोलाउ यांची, १९४० च्या दशकातली. तीच पॅप टेस्ट. गर्भाशयमुखावरच्या पेशी काचेवर घ्यायच्या, रंगवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली तपासायच्या. ज्या देशांनी ती नियमित केली तिथे मृत्यू झपाट्याने घटले. पण या साखळीच्या कड्या मोजा. नमुना घेणारी नर्स, प्रयोगशाळा, शिकलेला डोळा, काही दिवसांनी येणारा रिपोर्ट, आणि तो ऐकायला रोजगार बुडवून पुन्हा येणारी बाई. यातली एक कडी तुटली तरी सगळं वाया. आपल्या खेड्यांत तर बऱ्याच कड्या नव्हत्याच.

आता चला बार्शीला. सोलापूर जिल्ह्यातला तालुका, तिथे नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे. १९८७ साली तिथे भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरात नोंदणी सोपी असते, हॉस्पिटलांचे कागद गोळा केले की झालं. खेड्यात आजारी बाई हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाही, मग तिची नोंद होणार कुठून? म्हणून बार्शीची माणसं स्वतः गावोगाव फिरली. लोकांना लक्षणं सांगितली: पाळी नसताना रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, अंगावरून वास येणारं पांढरं जाणं. त्या नोंदींतून दिसलं की इथल्या बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच आहे. आणखीही एक गोष्ट दिसली. नुसतं समजावून सांगितल्यावरही बायका आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. आपल्याकडे दुखणं अंगावर काढायची सवय आहे असं म्हणतात ना? त्यातला बराचसा भाग सवयीचा नव्हता, माहितीच नव्हती.

या पायावर पुढची मोठी गोष्ट उभी राहिली. २००० च्या सुमारास उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, एक अभ्यास सुरू झाला. बार्शीचं हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था असे तिघे मिळून. गावांचे ५२ गट केले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका घेतल्या. चार भाग पाडले. एका भागाची एचपीव्ही तपासणी, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची व्हीआयए. व्हीआयए म्हणजे व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिड बोळ्याने गर्भाशयमुखाला लावायचं आणि एक मिनिट थांबायचं. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. प्रयोगशाळा नको, रिपोर्टची वाट बघणं नको.

आणि चौथा भाग? त्या ३१,४८८ बायकांना फक्त नेहमीची सेवा. तपासणी हवी असेल तर जवळच्या हॉस्पिटलात जा, एवढी माहिती.

निकाल २००९ साली छापून आले. साधारण आठ वर्षांत एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, चौथ्या गटात ६४. एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. एकदाच केलेल्या पॅप आणि व्हीआयएचा तेवढा ठाम फायदा दिसला नाही. तिकडे मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलचा वेगळा अभ्यास चालू होता, दीड लाखाहून जास्त बायकांचा. तिथे दहावीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्त्यांना चार आठवडे शिकवलं आणि त्यांनी दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या व्हीआयएच्या केल्या. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. थोडक्यात काय, तर व्हिनेगर उपयोगी पडतं, पण पुन्हा पुन्हा बघितलं तर.

आता थोडं अवघड बोलूया. उस्मानाबाद, मुंबई आणि तमिळनाडूच्या अशा तीन अभ्यासांत, तपासणी न मिळालेल्या गटांतल्या किमान २५४ बायका या कर्करोगाने गेल्या. पॅप टेस्ट काम करते हे जगाला अर्धशतक माहीत असताना असा गट ठेवायचाच कशाला, असा सवाल एरिक सुबा या अमेरिकन डॉक्टरांनी केला. मुंबईच्या अभ्यासात बायकांना संमती घेताना पुरेशी माहिती दिली नव्हती, असं अमेरिकेच्या सरकारी कार्यालयानेही म्हटलं. संशोधकांचं उत्तर असं की भारतात तेव्हा नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणं हीच होती, आणि पुरावा नसता तर सरकार हललं नसतं.

मला यात पहिला प्रश्न डॉक्टरांना विचारावासा वाटत नाही. "जवळच्या हॉस्पिटलात जा" हे वाक्य पोकळ का होतं, हा माझा प्रश्न आहे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी खरंच रोज मिळत असती, तर तो चौथा गट असा उरलाच नसता. आणि एकदा पुरावा मिळाल्यावर त्या बायकांचं देणं एकाच रीतीने फिटतं: तपासणी सगळ्यांपर्यंत नेऊन.

नेली का? २०१६ साली केंद्राने नियमावली काढली. तिशीनंतर प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी व्हीआयए, तीही गावपातळीपासून. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या निघाल्या फक्त १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत.

तपासणी नसली की काय होतं, ते आपल्या सातारा-सांगलीच्या उसाच्या फडात दिसतं. दिवाळीच्या आगेमागे बीड, धाराशिवकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कराड, वाळवा, पलूस, सगळीकडे खोपी पडतात. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांची राज्य सरकारच्या समितीने पाहणी केली. ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. अनेकींनी सांगितलं की पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून खासगी दवाखान्यात गेलो, तर "कॅन्सर होईल" अशी भीती घातली. भीती खरी की खोटी हे बघायची सुरुवात एक मिनिटाच्या तपासणीने करता आली असती. ती हाताशी नव्हती, म्हणून उचल घेऊन ऑपरेशन झालं. आणि बघा, ही बाई सहा महिने गावाकडे आणि सहा महिने आपल्याकडे. तिकडची आशाताई येते तेव्हा ती इथे असते. इकडच्या यादीत तिचं नावच नसतं.

दवाखान्यांचा वारसा आपल्याकडे कमी नाही. मिरजेत वॉनलेस यांनी १८९४ साली हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून लांबून लोक तिथे उपचाराला येतात. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं जिल्हा रुग्णालय आहे, सांगलीत वसंतदादांच्या नावाचं. इमारती आहेत. प्रश्न त्या टेबलाचा आहे, जिथे पडदा आहे, बल्ब आहे, शिकलेली सिस्टर आहे, आणि काही पांढरं दिसलं तर पुढे काय करायचं हे ठरलेलं आहे.

म्हणून तुम्ही काय करायचं? आई, मावशी, काकू तीस ओलांडलेल्या असतील तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन चार गोष्टी विचारा. व्हीआयए कोणत्या दिवशी होते? कोण करतं? एचपीव्ही तपासणी मिळते का? काही निघालं तर उपचार इथेच होतो की कुठे पाठवता? "आज मॅडम नाहीत" असं उत्तर आलं तर पुढची तारीख विचारा आणि ग्रामसभेत हा विषय घ्या. रस्त्याचा, पाण्याचा घेतो तसाच. आणि पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त गेलं, तर शिबिराची वाट न बघता सरळ डॉक्टर गाठा.

जागतिक आरोग्य संघटना आता एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती देते. त्या पसंतीमागच्या पुराव्यात धाराशिवच्या गावांचा मोठा हिस्सा आहे. जगाने तो वापरला. आपल्या दवाखान्यातल्या त्या टेबलापर्यंत तो यायचा आहे.

हा भाग घरातल्या ग्रुपवर टाका, आणि खाली लिहा: "आई, आधी ऐक, मग बोलू." भेटू पुढच्या भागात.