खडीवरचे एकोणीसशे मैल

इकडे अमेरिकेत गेली पंधरा-वीस वर्षं ग्रॅव्हल सायकलिंगचं वेड आहे. ग्रॅव्हल म्हणजे आपला मुरूम-खडीचा कच्चा रस्ता. ज्या रस्त्यावर डांबर पडावं म्हणून गावाकडे लोक आमदाराच्या मागे लागतात, तसल्याच रस्त्यावर घाम गाळायला इथली मंडळी महागड्या सायकली घेऊन, रजा टाकून जातात. कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावी २००६ साली ३४ जणांनी दोनशे मैलांची खडीवरची शर्यत लावली. आज तिथे हजारो लोक येतात. ज्यांना शर्यत नको ते मित्र जमवून मायोर्का नाहीतर सार्डिनियासारख्या बेटावर जातात. दिवसभर सायकल, संध्याकाळी समुद्र आणि वाईन. आमच्या चौघांच्या टोळक्याची उडी नेब्रास्कापर्यंतच. तिथे समुद्र नाही, पण सँडहिल्स नावाच्या वाळूच्या टेकड्या मैलोन् मैल पसरल्या आहेत.

मार्ग आखताना मी जे काही वाचलं, त्यात याच टेकड्यांतून गेलेली एक जुनी सायकलफेरी सापडली. १८९७ सालची! तिला सहल म्हणणं बरोबर नाही, कारण ती हुकमाने झाली होती. पण खडीवरच्या सायकलिंगचा इतिहास सांगायचा तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

आधी त्या काळाविषयी थोडं. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला आणि सायकल सर्वसामान्यांची झाली. नव्वदच्या दशकात अमेरिकेत सायकलीची अक्षरशः लाट आली. पण रस्ते होते कुठे? १९०४ मध्ये सरकारने रस्त्यांची पहिली देशव्यापी मोजदाद केली तेव्हा शहराबाहेरचे ९० टक्क्यांहून जास्त रस्ते नुसत्या मातीचे निघाले. म्हणजे तेव्हा लांबवर सायकल चालवणारा प्रत्येक जण ग्रॅव्हल सायकलिस्टच होता, फक्त त्याला ते माहीत नव्हतं. चांगल्या रस्त्यांसाठी पहिली चळवळ केली तीही सायकलवाल्यांनी, मोटारवाल्यांनी नव्हे. १८८० मध्ये स्थापन झालेली ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ ही त्यांची संघटना त्यात पुढे होती, आणि त्या रेट्यामुळेच १८९३ मध्ये केंद्र सरकारने रस्त्यांसाठी पहिलं कार्यालय उघडलं.

आता आपली गोष्ट. मोंटाना राज्यात फोर्ट मिझुला नावाची छावणी होती. तिथे पंचविसावी इन्फंट्री होती. यादवी युद्धानंतर अमेरिकन सैन्यात कृष्णवर्णीयांच्या ज्या चार पलटणी राहिल्या, त्यांतली ही एक. शिपाई सगळे काळे, अधिकारी जवळजवळ सगळे गोरे. अशा पलटणीत जायला गोरे अधिकारी फारसे उत्सुक नसत. तिथे लेफ्टनंट जेम्स मॉस नावाचा एक तरुण आला. वेस्ट पॉइंटच्या १८९४ च्या तुकडीत हा शेवटून पहिला! पण त्याच्या डोक्यात एक कल्पना होती. घोड्याला दाणा-पाणी लागतं, तो आजारी पडतो, मरतो. सायकलीला यातलं काहीच नाही. मग पायदळाला सायकली का देऊ नयेत? सरसेनापती नेल्सन माइल्स यांनाही कल्पना पसंत होती. १८९६ मध्ये मॉसने मोजके शिपाई घेऊन यलोस्टोनपर्यंत जाऊन येऊन दाखवलं. मग ठरली मोठी परीक्षा: मिझुला ते सेंट लुइस, १,९०० मैल. किलोमीटरमध्ये तीन हजारांच्या वर. मुंबईहून दिल्लीला जाऊन परत यायचं आणि वर पुण्याची एक फेरी मारायची, साधारण तेवढं.

१४ जून १८९७ ला वीस शिपाई, मॉस, एक डॉक्टर आणि स्थानिक पेपरचा एक तरुण बातमीदार निघाले.

इंजिनियर असल्यामुळे मला सगळ्यात आधी त्यांच्या सायकलींची चौकशी करावीशी वाटली. सायकली स्पाल्डिंग कंपनीने दिल्या होत्या. लाकडाऐवजी पोलादी रिम, मजबूत केलेला फोर्क, साखळीला झाकण. गिअर एकच. हँडलला तंबूचा अर्धा तुकडा आणि ब्लँकेट गुंडाळून बांधलेलं, फ्रेमच्या त्रिकोणात बसेल अशा पेटीत शिधा. (आज दुकानात ‘बाईकपॅकिंग’ म्हणून हीच मांडणी घसघशीत किमतीला विकतात.) सामानासकट सायकल ५९ पौंडांच्या आसपास, म्हणजे सुमारे २७ किलो. पाठीवर दहा पौंडांची रायफल, शिवाय काडतुसं. शिध्यात बेकन, डब्यातल्या बीन्स, पीठ, कॉफी. वाटेत साधारण शंभर-शंभर मैलांवर रेल्वेने पुढचा शिधा पाठवून ठेवलेला. दुरुस्तीचं काम जॉन फिंडली या शिपायाकडे होतं.

आणि रस्ता? मोंटानात सुरुवातीलाच पाऊस आणि चिखल. हा चिखल असा चिकट की चाक आणि फोर्क यांच्यामध्ये भरून बसतो आणि चाक फिरतच नाही. काळ्या मातीत पावसाळ्यात सायकल घातलेल्याला हे वेगळं सांगायला नको. मग पर्याय एकच, रेल्वेचे रूळ. दोन रुळांमधल्या स्लीपरवरून धडधड करत जायचं, नाहीतर सायकल ढकलत चालायचं. रॉकी पर्वताची धार ओलांडताना जून महिन्यात बर्फ लागलं. पुढे लिटल बिगहॉर्न, जिथे १८७६ मध्ये कस्टरची तुकडी कापली गेली होती. मग वायोमिंग, आणि मग नेब्रास्काच्या त्याच वाळूच्या टेकड्या. सुमारे १७० मैल वाळू पार करायला साडेचार दिवस लागले. ऊन १०० फॅरनहाइटच्या वर, पाणी खारट-अल्कलीयुक्त. ते पिऊन माणसं आजारी पडली, खुद्द मॉसही पडला.

२४ जुलैला तुकडी सेंट लुइसला पोचली. एकेचाळीस दिवसांत, त्यातले प्रत्यक्ष प्रवासाचे चौतीस. म्हणजे दिवसाला पन्नास मैलांहून जास्त. शहरातल्या सायकलवाल्यांनी गावाबाहेर येऊन स्वागत केलं, हजारो लोक बघायला लोटले. मॉसने हिशेब मांडला: सतरा टायर आणि अर्धा डझन फ्रेम एवढंच नुकसान. घोडदळ किंवा पायदळाच्या दुप्पट वेग, एक तृतीयांश खर्च आणि श्रम.

प्रयोग यशस्वी. पुढे काय झालं? काहीच नाही. शिपाई रेल्वेने मिझुलाला परतले. मॉसने पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोला जायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध सुरू झालं, पलटण क्युबाला गेली, सायकलींचा विषय संपला. एल कॅनेच्या लढाईत ही पलटण लढली. इथे गोष्ट संपली असती तर ‘फसलेलं तंत्रज्ञान’ म्हणून मी तिची नोंद करून मोकळा झालो असतो.

पण त्या वीस जणांतला मिंगो सँडर्स मला सोडत नाही. या फेरीत शिपायांचा प्रमुख तोच होता. वय चाळिशीच्या आसपास, एका डोळ्याने जवळजवळ आंधळा. १८८१ पासून नोकरीत. क्युबात लढला, पुढे फिलिपिन्समध्येही. १९०६ मध्ये पलटणीची एक बटालियन टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल गावी होती. ऑगस्टमध्ये एका रात्री गावात गोळीबार झाला. एक जण मेला, एक पोलीस जखमी झाला. गावाने शिपायांकडे बोट दाखवलं. सगळे त्या वेळी छावणीत होते, असं त्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनीच सुरुवातीला सांगितलं होतं. कुणावरही खटला चालला नाही, कुणावर गुन्हा शाबित झाला नाही. गुन्हेगारांची नावं सांगत नाहीत म्हणून राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ जणांना एकत्रच बडतर्फ केलं. पेन्शन नाही, सरकारी नोकरीला बंदी. क्युबात काळ्या पलटणी ज्यांच्या शेजारी लढल्या, तेच हे रूझवेल्ट. त्या १६७ मध्ये मिंगो सँडर्स होता. पंचवीस वर्षांची नोकरी, पेन्शन अगदी हाताशी आलेली. पुन्हा सैन्यात घ्या म्हणून त्याने केलेली विनंती फेटाळली गेली. १९२९ मध्ये तो वारला. मॉस मात्र कर्नल होऊन निवृत्त झाला.

सायकलींच्या जगाचंही तेच. चांगल्या रस्त्यांसाठी झटणाऱ्या त्या ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ने १८९४ मध्येच घटनेत दुरुस्ती करून सभासदत्व फक्त गोऱ्यांना ठेवलं होतं. म्हणजे मिंगो सँडर्स खडीवरून १,९०० मैल गेला, पण सायकलवाल्यांच्या संघटनेचा सभासद होऊ शकत नव्हता. मेजर टेलर हा कृष्णवर्णीय सायकलपटू १८९९ मध्ये मॉन्ट्रियलला जगज्जेता झाला, त्यालाही हे दार बंदच होतं.

हे वाचताना मराठी माणसाला दुसरं काहीतरी आठवायला हवं. याच दशकात, १८९२-९३ च्या सुमारास, इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावं सरकारनेच कोरली, ते अचानक ‘लढाऊ जाती’त बसेनासे झाले. सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये सरकारला अर्ज लिहिला, आमच्या वाडवडिलांची कामगिरी पाहा म्हणून. सरकारने ऐकलं नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी केली, गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. दोन्ही इतिहास एक नव्हेत. पण दोन्हीकडे पुरावा भरपूर होता, आणि तो ज्यांच्यासमोर मांडायचा त्यांना नको होता.

आम्हा परदेशस्थ इंजिनियर लोकांचा ‘काम बोलतं’ यावर फार विश्वास. पेपर छापा, पेटंट घ्या, डेटा दाखवा, मग बाकीचं आपोआप होतं. बऱ्याच वेळा होतंही. पण ते होतं त्याचं कारण आपल्या आधी कुणीतरी दारावर धडका मारून ते किलकिलं करून ठेवलेलं असतं. काम बोलतं हे खरं, पण ऐकणाऱ्याने कान उघडे ठेवायला हवेत, आणि ते उघडायचं काम डेटाने होत नाही. त्यासाठी अर्ज, खटले, चळवळी आणि कायदे लागतात. शिवाय वेळ लागतो. ब्राउन्सव्हिलच्या शिपायांची बडतर्फी सैन्याने १९७२ मध्ये रद्द केली. बडतर्फ झालेल्यांपैकी तेव्हा हयात असलेल्या डॉर्सी विलिस यांना पंचवीस हजार डॉलर मिळाले. लीगने ती गोऱ्यांपुरती अट औपचारिकपणे मागे घेतली १९९९ मध्ये.

मिझुला ते सेंट लुइस ही वाट लोक विसरलेले नाहीत. १९७४ मध्ये मोंटाना विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांनी ती पुन्हा सायकलने कापली. २०२२ मध्ये, सव्वाशे वर्षं झाली म्हणून, एरिक सेडेनो हा कृष्णवर्णीय सायकलस्वार १४ जूनला मिझुलाहून निघाला आणि २४ जुलैला सेंट लुइसला पोचला, त्याच तारखांना.

तुमच्यापैकी कुणी नेब्रास्काच्या बाजूला सायकल घेऊन गेलात तर वाळूत चाक रुतेल, उतरून ढकलावं लागेल. चार शिव्या जरूर द्या, आम्हीही दिल्या. आणि त्यानंतर मिंगो सँडर्सचं नाव सोबतच्या मित्रांना सांगा.