तापलेला समुद्र आणि आमचे चकलांबा

चकलांब्याहून समुद्र पाहायचा म्हणजे सह्याद्री उतरावा लागतो. माझ्या आजीने तो जन्मात पाहिला नाही. मासा तिला ठाऊक, तो बाजारातल्या सुकटीपुरता. तरी बहात्तरच्या दुष्काळात तिला खडी फोडायला लावले ते समुद्राने, असे मी म्हणतो तेव्हा शाळेतले सोबती हसतात.

हसोत बापडे. 1972 साली पेरू देशापुढचा महासागर तापला. तिथले कोळी या तापण्याला 'एल निनो' म्हणजे बाळ येशू म्हणत; ते नाताळच्या सुमारास जाणवे म्हणून. एरवी तिथे तळाचे थंड पाणी वर येते, त्यातल्या खतावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि अँकोव्ही नावाच्या इवल्या माशाची पिल्ले त्या अन्नावर जगतात. अंड्यातून निघालेल्या पिल्लाजवळ शिदोरी असते दोन-चार दिवसांची. ती सरताच तोंडाशी घास हवा. वरचे पाणी तापले की खालचे खत वर येत नाही, पिल्लू उपाशी मरते. 1970 साली 1 कोटी 20 लाख टनांवर गेलेली ती मासळी 1973 मध्ये 20 लाखांच्या खाली आली. दोष एकट्या समुद्राचा नव्हे. माणसांनीही हावरेपणाने फार उपसली होती.

त्याच साली आमचा पाऊस हरवला. या दोहोंचा धागा प्रथम हिंदुस्थानातच हाती लागला. वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर 1904 पासून वीस वर्षे मान्सूनचे गणित मांडीत होते. दूरदूरच्या महासागरांवरचा हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो, हे त्यांना दिसले. त्यामागे समुद्राचे तापणे आहे, हे 1969 साली बियर्कनेस यांनी दाखवले.

एल निनो आला की दुष्काळ पडतोच असे नाही. 1997 साली पाऊस बरा झाला होता. 2015 साली मात्र आमच्या विहिरी आटल्या, पुढच्या एप्रिलात मिरजेहून लातुरास रेल्वेने पाणी गेले. आणि इकडे अरबी समुद्रात तारली आटू लागली. केरळात 2012 साली जवळजवळ 4 लाख टन, 2021 साली साडेतीन हजारही नाही! कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यात एल निनोचा मोठा हात मानला. तारली अंडी घालते ती पावसाळ्यात; त्या पिल्लांचाही घास हुकला.

आजी बहात्तरची गोष्ट फारशी सांगत नसे. माझ्या वडिलांच्या पाठचे एक मूल तेव्हा झाले होते. तिचे दूध आटले. बारसे व्हायचे राहून गेले.