आजोबांचं घड्याळ आणि राजाबाई टॉवर

परवा शनिवारी सालवडला घरी गेलो तर आजोबांचं लंबकाचं घड्याळ बंद! दिवाळीत घराला रंग दिला, घड्याळ उतरवून परत टांगलं, तेव्हापासून पाच मिनिटं चालायचं आणि थांबायचं. दुरुस्तीवाला म्हणाला, मशीन गेलं. बाबा म्हणाले, "देऊन टाकू भंगारात, मोबाईल आहेत की." आजोबा काहीच बोलले नाहीत. त्यांना आता जवळपास दिसत नाही. टोल मोजून औषध घेतात.

म्हटलं, आधी समजून तर घेऊ. इंजिनिअरिंगला सूत्र पाठ केलं होतं: झोक्याचा वेळ लांबीवर ठरतो, वजनावर नाही. लांबी चौपट, तर वेळ दुप्पट. साधारण ९९ सेंटिमीटरचा लंबक या टोकाहून त्या टोकाला जायला एक सेकंद घेतो. पण झोका हळूहळू मरतो, त्याला जिवंत कोण ठेवतं? हे आम्हाला पेपरात कधी विचारलं नाही.

ते जमवलं हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने, १६५६ मध्ये. वजन किंवा स्प्रिंग दातेरी चक्र फिरवू पाहते. लंबकाला जोडलेला अडसर दर झोक्याला एकेक दात सोडतो, आणि सुटता सुटता तो दात लंबकाला हलकासा धक्का देतो. तीच आपली टिकटिक! लंबक चक्राला वेळ सांगतो, चक्र लंबकाला ताकद देतं. आधीची घड्याळं दिवसाला सुमारे १५ मिनिटं चुकत, ती चूक काही सेकंदांवर आली. पुढे इंग्लंडमध्ये नांगराच्या आकाराचा अडसर आला. त्याला छोटा झोका पुरतो, आणि झोका छोटा असेल तरच सूत्र नीट लागू पडतं.

बोईसरहून गाडी पकडून चर्चगेटला उतरलं की ओव्हल मैदानापलीकडे राजाबाई टॉवर दिसतो. पायाभरणी १८६९, बांधून पूर्ण १८७८, उंची २८० फूट. देणगी प्रेमचंद रायचंद यांची, नाव त्यांच्या आईचं. आई जैन, सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या, आणि दृष्टी गेलेली. कुणाला न विचारता त्यांना वेळ कळावी म्हणून हे टोल, असं सांगतात. खरं-खोटं काहीही असो, घरी बसलेले आजोबा बघून मला ती गोष्ट पटली.

मग घड्याळाला कान लावला. टिक-टॉक... टिक-टॉक... चाल लंगडी! घड्याळ तिरकं टांगलेलं. एका बाजूला लंबक दात सुटण्याइतका पोचतच नव्हता. दात नाही सुटला की धक्का नाही, धक्का नाही की झोका संपला. मशीन ठणठणीत होतं. पेटीचं खालचं टोक बोटभर सरकवलं, दोन्हीकडचे आवाज सारख्या अंतराने यायला लागले.

संध्याकाळी सात टोल पडले. आजोबांनी हात पुढे केला, "गोळी दे रे."

असो. तुमच्याकडे असं एखादं 'बिघडलेलं' घड्याळ असेल, तर भंगारात द्यायच्या आधी एकदा कान लावून बघा.